मीठ कोणत्या वाटेने जाणार?

शिरोळच्या काळ्या रानात वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिल्याने मीठ फुटले. तिथल्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने अशा क्षारपड शिवारात जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालण्याचे काम हाती घेतले. जाळीदार कापडाची गाळणी गुंडाळलेल्या या पाइपांत मुरलेले खारे पाणी उतरते, मोठ्या पाइपला मिळते आणि ओढ्यात जाते. दिसायला हे खोदकाम. पण क्षारपडीवरचा मुख्य इलाज हाच आहे, जिप्सम त्याच्या जोडीचा. क्षार वाहून नेण्याची उलट बाजू साखर कारखान्यांतच दिसते. उसाच्या आंबट रसाला चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर देऊन त्याचा सामू सातच्या आसपास आणतात. तयार होणारे कॅल्शियम सल्फाइट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून मळ घेऊन तळाशी बसते आणि गाळून काढता येते. शेतातले क्षार मात्र विरघळणारे. त्यांना गाळता येत नाही, वाहूनच न्यावे लागते.

जमीन विम्लधर्मी झाली तर आम्ल घालून उदासीन करावी, असे कुणी म्हणेल. पण जमिनीवर फुटलेल्या पांढऱ्या थरातले सोडियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेट मुळातच उदासीन आहेत. त्यांच्यावर आम्ल काय करणार? चोपण जमिनीचे दुखणे वेगळे. तिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो, माती फुगते, पाणी मुरत नाही. जिप्सममधले कॅल्शियम त्याची जागा घेते. मग काळ्या मातीत चुनखडी भरपूर असताना विकतचे कॅल्शियम कशाला, हा आक्षेप रास्त आहे. उत्तर विद्राव्यतेत आहे: लिटरभर शुद्ध पाण्यात जिप्सम सुमारे अडीच ग्रॅम विरघळते, चुनखडी ग्रॅमचा शंभरावा भाग. गंधक टाकले तर जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि तेच आम्ल चुनखडीतून जिप्सम बनवते. हे काम सावकाश होते, इतकेच. दोन्ही वाटांनी सुटलेला सोडियम शेवटी सल्फेट होऊन पाण्यात उतरतो. निचरा नसेल तर उन्हाळ्यात ओल वर चढते आणि तेच मीठ पुन्हा पृष्ठभागावर येते. शिरोळला 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी एवढे पाणी आणले, मग मीठ धुतले का गेले नाही? पाणी वरून पसरले, खालून निघायला वाट नव्हती.

खारे पाणी अखेर नदीतच जाते, हा आक्षेप मात्र खोडून काढता येत नाही. पाणी बेताने देऊन ते कमी करता येईल, शून्य नाही. एकट्याच्या बांधापाशी पाइप संपवूनही भागत नाही. तेव्हा जिप्समची पोती आणण्याआधी माती तपासून घ्या, आणि पाणी कुठून बाहेर काढायचे ते शेजारच्या खातेदारांशी बसून ठरवा.