कढईपाशी ३ तास

चोंगचिंगच्या त्या चढणीच्या गल्लीत मी वळले ती वासामुळे. समुद्र शेकडो कोस दूर, आणि नाकात बांगड्याच्या तिखल्यातल्या तिरफळांचा वास! हॉटपॉटच्या एका दुकानाचं मागचं दार उघडं होतं. आत पन्नाशीचे एक शिफू, म्हणजे उस्ताद आचारी, कढईत मसाला परतत होते.

हॉटपॉट म्हणजे आपलं आपण टेबलावर शिजवायचं, असं कौतुकाने सांगतात. मला ते अर्धंच खरं वाटतं.

"किती वेळ परतायचं?" माझ्या मैत्रिणीने चिनीत विचारलं.

"३ तास," मान वर न करता शिफू म्हणाले.

वितळलेल्या गाईच्या चरबीत सुक्या मिरच्या उकडून कुटलेला गोळा, आलं, लसूण आणि पिश्येनचं बाकल्याचं आंबवलेलं तिखट. आच मंद. आधी मोठे बुडबुडे येतात, ते मिरचीतल्या पाण्याचे. पाणी आटतं तसे ते बारीक होतात आणि चरबी लालभडक होत जाते. उलथणं थांबलं तर मिरची तळाला लागणार आणि अख्खी कढई कडू होणार. ३ तास हात चालूच. मधूनच ते वाकून वास घेत. घड्याळाकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

शेवटी शेवटी हुआच्याओ पडलं. आपल्या तिरफळाचं ते सख्खं भावंड, दोन्ही झँथोझायलम प्रजातीतली. त्यातल्या सॅनशूल या द्रव्याने ओठ बधिर होऊन थरथरतात. ही थरथर सेकंदाला सुमारे ५० कंपनांइतकी असते, असं लंडनच्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवलं.

पुढे टेबलावर नऊ खणांचं भांडं आलं. मधला खण खळखळता, कोपऱ्यातले संथ. म्हणून वजडी मध्ये आणि रक्ताच्या वड्या कोपऱ्यात. वजडी चॉपस्टिक्समध्ये धरून सात वेळा वर, आठ वेळा खाली: १५ सेकंदांत कुरकुरीत, त्यापुढे चिवट. मग तिळाचं तेल आणि लसूण.

च्यालिंग नदी यांगत्सेला मिळते, तिथल्या छाओथ्येनमेन घाटावरच्या नावाड्यांचं आणि हमालांचं हे जेवण. चांगलं मांस परवडत नसे, म्हणून आतडी नि वजडी. अनोळखी माणसं एकाच भांड्याभोवती बसत, ज्याचा त्याचा खण वेगळा. त्या कष्टकऱ्यांची परंपरा आज जेवणाऱ्याच्या १५ सेकंदांत नव्हे, शिफूंच्या खांद्यात उरली आहे, असं मला मनापासून वाटतं.

तो मसाला लगेच वाढतही नाहीत. रात्रभर झाकून मुरू देतात, म्हणजे हुआच्याओचा वास चरबीत पुरता उतरतो. आम्ही खाल्ला तो आदल्या दिवशीचा होता.