‘सिकलसेल’ की ‘सिकलसेल वाहक’? डिस्चार्ज कार्डवर एक शब्द राहिला तर काय होते?

छत्रपती संभाजीनगर : समजा, पुंडलिकनगरातल्या एखाद्या खासगी दवाखान्यात तापामुळे मुलाला दोन दिवस ॲडमिट केले. रक्ताच्या एचपीएलसी तपासणीत ‘एएस’ पॅटर्न आला. डॉक्टरांनी समजावले, ‘हा फक्त वाहक आहे, आजारी नाही.’ डिस्चार्ज कार्डवर मात्र घाईत एवढेच लिहिले गेले : ‘सिकलसेल डिसऑर्डर’. घरचे निश्चिंत होऊन परतले. पण पुढे घाटी असो, पुण्या-मुंबईचे हॉस्पिटल असो की विमा कंपनी, ते तोंडी वाक्य तिथे कोणीच ऐकलेले नसेल. त्यांच्या हातात कार्ड असेल आणि त्या कार्डनुसार हा मुलगा रुग्ण आहे.

सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे आई-वडिलांकडून येणारे रक्ताचे आजार. आयुष्यभर सोबत राहतात, त्यामुळे त्यांची कागदपत्रेही आयुष्यभर फिरतात.

कोडर अंदाज बांधत नाही

प्रत्येक निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’ वर्गीकरणात एक कोड असतो. ११ वी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी आपल्याकडे बहुतेक काम अजून १० व्या आवृत्तीवरच चालते. कोड देणाऱ्या मेडिकल कोडरला रिपोर्टमधले आकडे पाहून स्वतः निदान ठरवता येत नाही. डॉक्टरांनी लिहिलेल्या शब्दांनाच तो कोड देतो.

मग शब्द अपुरे असतील तर? इंजिनीअरिंगला प्रोग्रामिंग शिकलेल्यांना ‘डिफॉल्ट व्हॅल्यू’ आठवत असेल. तुम्ही काही भरले नाही, तर सिस्टिम स्वतःच ठरलेली किंमत भरते. आयसीडीतही असेच आहे.

सिकलसेल वाहकाचा कोड डी ५७.३. वेदनांचा झटका, म्हणजे क्रायसिस आलेल्या रुग्णाचा डी ५७.० आणि क्रायसिस नसलेल्या रुग्णाचा डी ५७.१. नुसते ‘सिकलसेल ॲनिमिया’ किंवा ‘सिकलसेल डिसऑर्डर’ लिहिले की नोंद डी ५७.१ मध्ये जाते. म्हणजे ‘वाहक’ हा शब्द गाळला, की वाहकाचा रुग्ण होतो. त्यात स्वस्तातली सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण दोघांतही पॉझिटिव्ह येते. तेवढ्यावर निदान लिहिले असेल, तर ते अर्धेच समजा.

हिमोफिलियात हाच प्रकार जास्त धोक्याचा. ‘ए’मध्ये फॅक्टर ८ कमी असतो, कोड डी ६६. ‘बी’मध्ये फॅक्टर ९ कमी, कोड डी ६७. ए-बी न लिहिता नुसते ‘हिमोफिलिया’ लिहिले, तर वर्गीकरण त्याला ‘ए’ धरते. अपघातानंतर रक्तस्राव होत असलेल्या ‘बी’च्या रुग्णाला फॅक्टर ८ दिला, तर रक्त थांबणार नाही. (‘बी’ हा वेगळा आजार असल्याचे १९५२ मध्ये स्पष्ट झाले. तेव्हाच्या एका रुग्णाचे आडनाव ख्रिसमस होते, म्हणून त्याला ‘ख्रिसमस डिसीज’ही म्हणतात. ते संशोधन ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळच्या आठवड्यातल्या अंकात छापून आले, हा योगायोगच.)

थॅलेसेमिया, पण कार्डवर ‘ॲनिमिया’

थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक, हा डी ५६.३, बीटा थॅलेसेमिया मेजर डी ५६.१. पण अनेकदा थॅलेसेमिया हा शब्दच कागदावर येत नाही. हिमोग्लोबिन थोडे कमी दिसते, ‘ॲनिमिया’ लिहिले जाते आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. लोहाची कमतरता नसलेल्या वाहकाला त्या महिनोन्‌महिने घेऊन उपयोग होत नाही.

साध्या सीबीसी रिपोर्टवरूनही संशय घेता येतो. एमसीव्हीला आरबीसीच्या आकड्याने (दशलक्षात) भागायचे. समजा एमसीव्ही ६२ आणि आरबीसी ५.८, तर उत्तर साधारण १०.७. ते १३ पेक्षा कमी असेल तर थॅलेसेमिया मायनरची शक्यता, जास्त असेल तर लोहाच्या कमतरतेची. याला मेंटझर इंडेक्स म्हणतात. हे निदान नव्हे. एचपीएलसी करायची का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यापुरताच हा भागाकार.

मेजरच्या मुलांचे दुखणे वेगळे. त्यांना दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. केसपेपरवर फक्त ‘रक्त चढवण्यासाठी दाखल’ लिहिले, तर त्यासाठीही कोड आहे : झेड ५१.३. त्याच्या नावातच ‘निदान नोंदवलेले नाही’ असे म्हटले आहे. वर्षात वीस वेळा दवाखान्यात आलेले मूल थॅलेसेमियाच्या आकडेवारीत एकदाही दिसणार नाही.

कागदावर काय अवलंबून?

१९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये हे तिन्ही आजार आहेत. यूडीआयडी कार्डासाठी शासकीय वैद्यकीय यंत्रणा कागदपत्रे पाहून टक्केवारी ठरवते. ती ४० टक्के किंवा अधिक असेल तर शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के राखीव जागांचा लाभ घेता येतो. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र रक्ताचे आजार नाहीत, ही या कायद्यातली न पटणारी गोष्ट आहे.

सिकलसेलबाबत कायद्यातला शब्द ‘डिसीज’ आहे, म्हणजे आजार. वाहकाच्या कार्डवर चुकून रुग्ण लिहिले गेले, तर फायदा काही नाही. विमा घेताना मात्र तो ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून समोर येऊ शकतो आणि त्यासाठी प्रतीक्षा कालावधी ३ वर्षांपर्यंत असतो. लग्नाच्या बोलणीत काय होते, ते वेगळे सांगायला नको. खरे तर जोडीदार वाहक किंवा रुग्ण नसेल, तर वाहकाच्या मुलांना सिकलसेल आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के.

सरकारी नियोजनही याच नोंदींवर उभे आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे लक्ष्य आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सिकलसेलचे उच्चाटन हे आहे. नंदुरबार किंवा गडचिरोलीत तपासणी झालेला तरुण उद्या शिक्षणासाठी संभाजीनगरात खोली घेऊन राहील. त्याचा इथला केसपेपर तिथल्या कार्डाशी जुळला पाहिजे.

सुट्टी घेताना काय पाहाल?

कार्डवर आजाराचे पूर्ण नाव आणि ‘वाहक’ की ‘रुग्ण’ हे पाहा. हिमोफिलिया असेल तर ए की बी, आणि फॅक्टर किती टक्के. १ टक्क्यापेक्षा कमी म्हणजे तीव्र, १ ते ५ मध्यम. ही तीव्रता डी ६६ किंवा डी ६७ या कोडमध्ये दिसत नाही, ती शब्दांतच लिहून घ्यावी लागते. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून सही-शिक्का घ्या. सहा महिन्यांनी त्याच डॉक्टरांना गाठणे अवघड जाते.

आणि पहिला एचपीएलसी रिपोर्ट जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटोही काढा. एकदा रक्त चढवले की दात्याचे हिमोग्लोबिन शरीरात मिसळते आणि पुढचे साधारण तीन महिने ही तपासणी फसवी येऊ शकते. दर तीन आठवड्यांनी रक्त घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते तीन महिने कधी मिळतच नाहीत. रिपोर्ट हरवलाच, तर जनुकीय चाचणी किंवा आई-वडिलांची एचपीएलसी हे मार्ग उरतात.