ज्या इंजिनाला बोअर मारता येत नाही

"ह्येची टोकं झिजल्यावर काय करतेत?"

मोबाइलवरचं चित्र दहा-बारा सेकंद न्याहाळून मामांनी एवढंच विचारलं. बीडमधल्या त्यांच्या गॅरेजात तेव्हा एका ट्रॅक्टरचं इंजिन पोट उघडून पडलं होतं. पाडव्याच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततात आणि पाच-सहा महिने उसाच्या गाड्या ओढून दमलेले ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात येतात. हेड उतरवायचं, रिंगा-पिस्टन बदलायचे, लायनर गेला असेल तर तोही. मी मामांना दाखवत होतो ते माझदा आरएक्स-७ या जुन्या जपानी स्पोर्ट्स कारचं इंजिन. माझदा म्हटलं की आपल्याला स्वराज माझदाची मिनीबस आठवते. ही तिची भलतीच उनाड चुलत बहीण. हिच्या इंजिनात पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही, व्हॉल्व्ह नाही, टॅपेट नाही. 'मग चालतं कसं?' असं मामा विचारतील, अशी माझी अपेक्षा होती. ते त्यांना चित्रावरूनच कळलं असावं. त्यांनी बोट ठेवलं ते थेट दुखण्यावर. याच दुखण्यापायी जर्मनीतली एक नामांकित कंपनी दुसऱ्याच्या पदरात गेली.

पण वाचकांसाठी आधी चालतं कसं ते सांगतो.

साध्या इंजिनात पिस्टन खाली-वर करतो. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक पिस्टन सेकंदाला २०० वेळा पूर्ण थांबतो आणि उलटा पळत सुटतो. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाला ही धावपळ वेडेपणाची वाटली. जन्म १९०२चा, इंजिनिअरिंगची पदवी नाही, नजर इतकी अधू की गाडी चालवायचा परवाना आयुष्यात कधी काढला नाही. (नाझी पक्षाशी त्याचं जुनं नातं होतं, हेही त्याच्या खात्यावर लिहिलं पाहिजे.) फिरत्या इंजिनाचं पहिलं पेटंट त्याने १९२९ साली घेतलं आणि १९५७च्या फेब्रुवारीत एनएसयू कंपनीत त्याचं इंजिन प्रत्यक्ष फिरलं. त्यात आतला भागही फिरायचा आणि बाहेरचं कवचही. प्लग बदलायचा तर अख्खं इंजिन खोला! कंपनीतल्याच हान्स डीटर पाश्के या इंजिनिअरने कवच जागेवर बसवलं आणि आतलाच भाग फिरता ठेवला. माझ्या शर्यतीच्या घोड्याला तुम्ही नांगराला जुंपलंत, अशा अर्थाचं काहीतरी वांकेल त्यावर चिडून म्हणाला म्हणतात. जगभर गाड्यांत फिरलं ते हे नांगराचंच घोडं.

तव्यावरची घडीची पोळी डोळ्यांसमोर आणा. तीन कोपरे, तिन्ही बाजू किंचित फुगलेल्या. ती ८ सेंटिमीटर जाड आणि बिडाची आहे असं समजा. (ओतीव लोखंडाला मराठीत बीड म्हणतात, आमच्या जिल्ह्याशी संबंध नाही, पण लिहिताना बरं वाटतं.) हा झाला रोटर. आता भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग घ्या, मधला आवळ अगदी नावापुरता. हे झालं कवच. शेंगेच्या आत पोळी अशी फिरते की तिची तिन्ही टोकं सदासर्वकाळ भिंतीला टेकलेली असतात. त्यामुळे तिच्याभोवती तीन पोकळ्या तयार होतात. रोटर फिरेल तशी प्रत्येक पोकळी मोठी होते, आवळते, पुन्हा मोठी होते. शेंगेच्या एका अंगाला हवा आणि पेट्रोल आत ओढलं जातं, पुढे ते दाबलं जातं, समोरच्या अंगाला ठिणगी पडते, धूर बाहेर जातो. एक पोकळी पेटत असते तेव्हा दुसरी ओढत असते आणि तिसरी ओकत असते. रोटरचा एक फेरा होईस्तोवर मधल्या शाफ्टचे तीन फेरे होतात, आणि शाफ्टच्या दर फेऱ्याला एक स्फोट. सगळं एकाच दिशेने. थांबणं नाही की उलटणं नाही.

कागद-पेन्सिलची आवड असेल तर एक गंमत करून बघा. या इंजिनात शाफ्टचा फुगवटा मध्यापासून १५ मिलिमीटर सरकलेला असतो. रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर १०५ मिलिमीटर आणि जाडी ८० मिलिमीटर. तिन्ही आकड्यांचा गुणाकार करा आणि त्याला ५.१९६ने, म्हणजे ३ गुणिले ३च्या वर्गमुळाने गुणा. उत्तर येतं साधारण ६,५४,७०० घन मिलिमीटर. माझदाच्या कागदपत्रांत एका रोटरची क्षमता ६५४ सीसी लिहिलेली आहे! असे दोन रोटर मिळून १,३०८ सीसी. तीन आकड्यांत अख्खं इंजिन मावतं, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

आता मामांचा प्रश्न. प्रत्येक टोकाला खाच असते, खाचेत धातूची एक पट्टी आणि पट्टीखाली स्प्रिंग. पट्टीची जाडी २ मिलिमीटर, लांबी रोटरच्या जाडीइतकी. पिस्टनच्या रिंगेचं काम हिने करायचं. पण रिंग गोल भिंतीशी कायम काटकोनात राहते, आणि ही पट्टी भिंतीवरून पळताना सतत डावी-उजवी कलते. कलता कलता ती थरथरू लागते, आणि भिंतीवर ओळीने ओरखडे उठतात. माझदाच्या हिरोशिमाच्या कारखान्यात त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. तोयो कोग्योने, म्हणजे आजच्या माझदानेच, १९६१ साली इंजिनाचा परवाना घेतला आणि केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर याच नखांच्या मागे लावले. जपानी इतिहासातल्या ४७ निष्ठावंत सामुराईंवरून त्यांना तेच नाव पडलं. कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी त्यांनी शोधली, आणि १९६७च्या मे महिन्यात कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. त्याच वर्षी आलेल्या एनएसयूच्या 'आरओ ८०' गाडीच्या पट्ट्या मात्र दगा देत राहिल्या. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी टेकीला आली आणि १९६९ साली फोक्सवॅगनच्या घरात गेली.

"मग बोअर मारत असतील, नाहीतर लायनर?" मामा म्हणाले.

दोन्ही नाही. मोटारसायकलचं भोक गोल असतं. लेथवर थोडं मोठं केलं तरी गोलच राहतं आणि ओव्हरसाइज पिस्टन बाजारात मिळतो. शेंगेचा हा वळसा फक्त त्याच रोटरसाठी आखलेला असतो. शिवाय ॲल्युमिनियमच्या कवचाला आतून पोलादी पत्रा आणि त्यावर क्रोमचा पातळ थर. तो थर सोलला गेला की कवच बदलायचं, किंवा नवा मुलामा देणारा जाणकार गाठायचा.

मामांनी कापसाच्या गोळ्याला हात पुसले. "म्हंजी रिपेरिंग नाहीच की ह्ये."

आहे, पण वेगळ्या हाताचं. इंजिन उभं ठेवून जेवणाच्या डब्यासारखं रचतात: बिडाची ताटली, ॲल्युमिनियमचं कवच, ताटली, कवच, ताटली. पाचही पुडं लांब बोल्टांनी एकत्र आवळायची. दोन रोटर मिळून टोकाच्या ६ पट्ट्या, कोपऱ्यांची १२ बटणं आणि कडेच्या १२ बारीक पट्ट्या, प्रत्येकीखाली स्प्रिंग. रचताना त्या पडू नयेत म्हणून चक्क व्हॅसलिन लावून चिकटवतात. इंजिन तापलं की ते वितळून जातं. कडेची प्रत्येक पट्टी हाताने घासून बसवायची. तिच्या टोकाशी राहणारी फट कागदाच्या जाडीएवढी, आणि ती फीलर गेजने मोजायची. अशा वेळी पंखा बंद ठेवलेला बरा.

कंप्रेशन तपासण्यातही खोच आहे. मामांचं गेज लावलं तर ते तीन पोकळ्यांपैकी सगळ्यात दणकट पोकळीचा दाब धरून ठेवील, आणि दोन मेलेल्या असल्या तरी कळणार नाही. म्हणून गेजमधला व्हॉल्व्ह काढून काटा उडताना बघतात, नाहीतर प्लग काढून कान देतात. फस्-फस्-फस् असा एकसारखा आवाज आला तर ठीक. एकदाच फस् आणि दोनदा शांतता असेल तर टोकाची एक पट्टी गेली.

ट्रॅक्टर ऑइल जाळू लागला की मामा म्हणतात, काम निघालं. या इंजिनाने ऑइल जाळलंच पाहिजे. पट्ट्या भिजत राहाव्यात म्हणून एक छोटा पंप थेंब थेंब ऑइल मुद्दाम आत सोडतो. डिपस्टिक वरचेवर बघायची सवय ज्याला नाही, त्याने ही गाडी घेऊ नये. काही मालक तर पंपावर भरवसा न ठेवता पेट्रोलमध्येच टूटी ऑइल मिसळतात, लुना आणि राजदूतला आपण घालायचो तसं. उष्णतेचा त्रास वेगळाच. कवचाचं एक अंग कायम पेटतं, दुसरं कायम थंड, त्यामुळे ते वेडंवाकडं प्रसरण पावतं. पुडांमधली पाण्याची रबरं कडक झाली की रेडिएटरचं पाणी बिनगळतीचं कमी होऊ लागतं आणि सकाळी पांढरा धूर येतो. मराठवाड्यातल्या मे महिन्यात तर पाण्याच्या काट्यावर एक डोळा हवाच.

एवढा जाच सोसायचा कशाला? याचं उत्तर बीडपासून सव्वाशे किलोमीटरवर, नगरला आहे. तिथल्या व्हीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने बंगळुरूच्या दोन संस्थांबरोबर 'निशांत' या लष्करी टेहळणी विमानासाठी वांकेल जातीचं इंजिन बनवलं. या विमानाला वैमानिक नव्हता, धावपट्टीही लागत नसे. ट्रकवरून ते उडवायचं आणि पॅराशूटने उतरवायचं. देशी इंजिनावर ते २९ मार्च २००९ रोजी कोलारजवळ पहिल्यांदा उडालं. ताकद ५५ अश्वशक्ती, वजन सुमारे ३० किलो. समोरच्या ट्रॅक्टरची ताकद जवळपास तितकीच, पण त्याचं इंजिन उतरवायला मामांनी चेन-ब्लॉक लावला होता. हे इंजिन म्हणजे सोयाबीनचं अर्धं पोतं.

"नगरला?" मामा दोनदा म्हणाले. सुटे भाग आणायला ते वर्षानुवर्षं नगरला जात आले आहेत.

माझदाने २०२३ साली या जातीचं इंजिन पुन्हा बनवायला घेतलं, आता विजेच्या गाडीची बॅटरी भरण्यासाठी. जुन्या आरएक्स-७ मात्र हौशी लोकांच्याच हाती आहेत. तुमच्या हाती कधी एखादी आली, तर एवढं पाळा: थंड इंजिन चालू करून, गाडी चार हात पुढे सरकवून लगेच बंद करू नका. जादा पेट्रोल पट्ट्यांवरचं ऑइल धुऊन काढतं, कंप्रेशन जातं, आणि मग गाडी धक्का मारूनही सहजी चालू होत नाही. अंगणातून सावलीत घ्यायची असली तरी तापमानाचा काटा जागेवर येईपर्यंत थांबा.