आपण सगळेच कर्ण?

अप्रेझलचे दिवस आले की कुठल्याही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डोकवा, प्रत्येक टेबलावर एक तरी कर्ण बसलेला असतो. टॅलेंट भरपूर, पण गॉडफादर नाही. राबायचं यानं आणि प्रमोशन बॉसच्या लाडक्या अर्जुनाला! 'मी ऑफिसातला दुर्योधन आहे' असं म्हणणारा मात्र मला अजून एकही भेटलेला नाही.

नाकारला गेलेला, तरीही मान ताठ ठेवणारा हीरो हा आपला ऑल टाइम फेव्हरिट साचा. मराठी घरांत तो पक्का केला कादंबऱ्यांनी. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ सालची, रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ची. बारावीच्या सुट्टीत 'मृत्युंजय' वाचून मीही उशी भिजवली होती.

सिनेमानं तर हा साचा सोडलाच नाही. 'त्रिशूल'मध्ये (१९७८) आईला सोडून गेलेल्या बापाचा हिशेब चुकता करणारा अमिताभ आठवा. मणिरत्नमच्या 'थलपती'त (१९९१) कुमारी मातेनं मालगाडीत ठेवलेला रजनीकांत आणि त्याचा दुर्योधन झालेला मामुट्टी. 'कल्की २८९८ एडी'त (२०२४) प्रभासचं नातं कर्णाशी जोडलं, तेव्हा थिएटरात ज्या शिट्ट्या पडल्या!

पण खरा ट्विस्ट आहे पुण्यात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. 'सूतपुत्राला वरणार नाही' असं द्रौपदी भर स्वयंवरात सुनावते, तो फेमस सीन मोजक्याच हस्तलिखितांत सापडतो. म्हणून संपादकांनी तो मूळ संहितेबाहेर ठेवला. द्यूतसभेत द्रौपदीला वेश्या म्हणणारा, तिची वस्त्रं काढायला सांगणारा कर्ण मात्र संहितेत जसाच्या तसा आहे.

म्हणजे 'आधी तिनं अपमान केला, मग त्यानं केला' हा आपला आवडता डिफेन्सच खलास.

कर्णावर अन्याय झाला नाही, असं अजिबात नाही. शस्त्रविद्येच्या प्रदर्शनात त्याला कूळ विचारलं गेलं, भीमानं 'चाबूक धर' म्हणून हिणवलं. हे सगळं संहितेत आहेच. प्रॉब्लेम आपला आहे. एकदा स्वतःला कर्ण ठरवलं की सगळं माफ! बॉस काय बोलला ते तारखेसकट लक्षात राहतं. मीटिंगमध्ये आपण ट्रेनी मुलीची सगळ्यांदेखत उडवलेली खिल्ली? ती 'जस्ट जोक' असते.

म्हणून मला कर्णाचा सगळ्यात ग्रेट सीन रुतलेल्या चाकाचा वाटत नाही. तो युद्धाच्या आधीचा आहे. कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण नाही म्हणतो, कारण वाढवलं राधेनं आणि सांभाळलं दुर्योधनानं. आणि मग तो बोलून जातो, की दुर्योधनाला खूश करायला पांडवांना जे टोचून बोललो, त्याचा आज पश्चात्ताप होतोय.

आयुष्यभर ज्याला हिणवलं गेलं, तो इथं स्वतःच्या शब्दांचा हिशेब देतो. कॅन्टीनमधला कर्ण व्हायला कुणालाही जमतं. हा कर्ण व्हायला जिगर लागते, बॉस!