लायगोच्या तालुक्यात आकाशाची शाळा

हिंगोली जिल्ह्यातला औंढा नागनाथ तालुका आजवर नागनाथाच्या ज्योतिर्लिंगासाठी आणि हळदीसाठी ओळखला गेला. आता त्यात तिसरी ओळख येते आहे. तालुक्यातील दुधाळा गावाच्या शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. दशकाच्या अखेरीस ती सुरू व्हावी, असे नियोजन आहे. याच तालुक्यात, औंढा-वसमत रस्त्यावर, मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे दूरवर ठाऊक असलेले शिरड शहापूर आहे. वेधशाळा बांधून होईपर्यंत तिथल्या शाळांत, बाजारात, पारावर काय घडावे, हा या लेखाचा विषय आहे.

लायगो लोकांना समजावणे सोपे नाही, कारण तिथे डोळा लावायला दुर्बीणच नसते. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. आत निर्वात नळ्या, टोकांना आरसे. लेझरचा एकच किरण दुभंगून दोन्ही भुजांत जातो आणि परत येऊन मिळतो. गुरुत्वीय लहर आली, की एक भुजा किंचित ताणली जाते आणि दुसरी आकसते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाइतका सूक्ष्म असला तरी तो टिपायचा असतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी अशी पहिली लहर पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती, त्याची ती खूण होती. या कामासाठी २०१७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. अशा लहरींचा माग विदेतून कसा काढायचा, याच्या पद्धती घडवण्यात पुण्याच्या ‘आयुका’तील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे.

हे सगळे फलकावर लिहून गावात टांगले, तर लोक वाचून पुढे जातील. सुरुवात गावाच्या स्वतःच्या प्रश्नापासून करायला हवी, आणि तो प्रश्न इथे तयार आहे. वसमत आणि औंढा परिसरातल्या गावांना जमिनीतून येणारे गूढ आवाज आणि हलके धक्के नवे नाहीत. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप जाणवले. १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांच्या आठवणीत आहे, ते असा धक्का बसताच घराबाहेर धावतात. ‘जमीन हलते तिथे एवढे नाजूक यंत्र कसे चालणार?’ हा शिरड शहापूरच्या कुणाही शेतकऱ्याला पडावा असा प्रश्न आहे. तो उत्तम वैज्ञानिक प्रश्न आहे.

त्याचे उत्तरही सांगण्यासारखे आहे. लायगोचे आरसे काचेच्या बारीक तंतूंवर, एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलेले असतात. त्यामुळे जमिनीची थरथर आरशापर्यंत पोचता पोचता विरते. मोठा धक्का बसला तर निरीक्षण थांबतेच. पण हिंगोलीचा धक्का त्याच क्षणी अमेरिकेत बसत नाही. २०१५ ची लहर मात्र तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन्ही वेधशाळांत अवघ्या सात मिलिसेकंदांच्या अंतराने नोंदली गेली. दूरदूरच्या वेधशाळांची साक्ष जुळली, तरच खबर खरी. भारतातली वेधशाळा या साखळीत आली, की लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे पुष्कळ नेमके सांगता येईल.

दुसरा धागा नक्षत्रांचा. पेरणी मृगावर, पाऊस आर्द्रेचा, ही भाषा इथल्या शेतीत रुजलेली आहे. पण जूनमध्ये मृग आकाशात दिसत नाही, कारण तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो. मृग पाहायचा तर फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री आठच्या सुमारास मान वर करावी. डोक्यापासून थोडे दक्षिणेला चार ताऱ्यांचा चौकोन, मध्ये एका रेषेतला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्या रेषेत खाली गेले की झगझगीत व्याध.

महाशिवरात्रही याच दिवसांत येते. माघ वद्य चतुर्दशीला जवळजवळ रात्रभर चंद्र नसतो, औंढ्याला यात्रा भरते आणि कथा सांगितली जाते ती व्याधाची व हरिणीची. २०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती, २८ तारखेच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या दोन दिवस आधी. जागरणाला जमलेल्या माणसांना थोडे दिवे मालवून मृग-व्याध दाखवायला पैसा लागत नाही, फक्त माहीतगार माणूस लागतो.

महाराष्ट्राला अशा कामाची परंपरा आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते. मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून काम करते आणि वांगणीला रात्रभर आकाशदर्शन घडवते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तर सहीनिशी मिळेल. हिंगोलीला सर्वांत जवळचा धडा मात्र खोडदचा आहे. नारायणगावजवळच्या या गावात गोविंद स्वरूप यांनी प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते, परिसरातल्या शाळांची मुले स्वतःचे प्रयोग मांडतात आणि हजारो लोक येतात. विज्ञानाची जत्रा ग्रामीण भागातही भरते, हे खोडदने दाखवून दिले आहे.

शिरड शहापूरला आजच सुरू करता येईल अशी एक गोष्ट आहे. हे गाव साधारण १९.५ अंश अक्षांशावर असल्याने १८ मेच्या आसपास दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैअखेरीस हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, म्हणून हा कार्यक्रम गावाने करावा.

शिक्षकांनी, ग्रामपंचायतीने आणि यात्रेच्या आयोजकांनी हे तीन दिवस आपल्या दिनदर्शिकेत कायमचे लिहावेत : विज्ञान दिन, महाशिवरात्र आणि शून्य सावलीचा दिवस. लायगोच्या शास्त्रज्ञांनी त्या-त्या दिवशी यावे, मराठीत बोलावे आणि आधी गावाचे प्रश्न ऐकावेत. वेधशाळा सुरू होईल तेव्हा आज पाचवीत असलेली मुले महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर असतील. तिथली तंत्रज्ञांची, अभियंत्यांची, संशोधकांची कामे त्यांच्याही वाट्याला यायची असतील, तर तयारीला आत्ताच लागायला हवे.