ॲव्हरेज विचारू नये

जुनी जीप सिग्नलला उभी राहिली की शेजारचा स्कूटरवाला हमखास तीन प्रश्न टाकतो. "केवढ्याला घेतली?" "विकायची आहे का?" आणि "ॲव्हरेज किती देते?" पहिल्याचा आकडा घरी वेगळा सांगितलेला असतो, म्हणून तो चारचौघांत उच्चारता येत नाही. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आहे. तिसरा प्रश्न विचारणाऱ्याकडे जीपवाला ज्या नजरेने बघतो, तिला मराठीत शब्द नाही.

विचारायचंच तर भलतंच काही विचारावं. पेट्रोल भरताना ड्रायव्हर सीटवरून का उठतो? बॉनेट एवढं उंच का? या गाड्यांच्या जवळजवळ प्रत्येक खोडीमागे कसली तरी टंचाई आहे. कधी वेळेची, कधी लोखंडाची, कधी नुसतीच पैशांची.

शेवटच्या अर्ध्या तासात सबमिशन

१९४० साली अमेरिकन लष्कराला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना पत्रं गेली. वेळेत पुढे आल्या दोनच, बँटम आणि विलीज-ओव्हरलँड. पहिला नमुना ४९ दिवसांत हजर करायची अट होती. विलीजने ७५ दिवस मागितले. बँटम ही जेमतेम तग धरून असलेली छोटी कंपनी; तिने बेधडक 'हो' म्हटलं आणि कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावून घेतलं. त्याने दोन दिवसांत आराखडे काढले. २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी मेरीलँडमधल्या कँप होलाबर्डच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा मुदत संपायला अर्धा तास बाकी होता. रात्र जागवून जर्नल पूर्ण करणाऱ्या तमाम इंजिनिअरिंगच्या पोरांनी या माणसाचा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही.

पुढे काय झालं? मोठी कंत्राटं विलीज आणि फोर्डने नेली, कारण बँटमचा कारखाना पुरा पडणारा नव्हता. पोर बँटमचं, बारसं दुसऱ्यांच्या घरी. बँटमच्या वाट्याला त्याच जीपमागे जोडायचे ट्रेलर बनवणं आलं.

विलीजचं इंजिन ६० हॉर्सपॉवरचं, दणकट, पण जड. लष्कराची वजनाची मर्यादा गाठायला विलीजच्या लोकांनी बोल्टची जादा टोकंसुद्धा कापली आणि रंगाचा एकच हात दिला, असं सांगतात. आपल्याकडे सोनार करतात ती काटकसर!

फोर्डने जीप बनवली ती विलीजच्याच आराखड्यावरून, पण मान खाली घालून नव्हे. आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, फोर्डने आपला 'एफ' उमटवला. आज जगभरचे संग्राहक भिंग घेऊन हे 'एफ' शोधतात. गाडी फोर्डची आणि बोल्ट बिनअक्षराचा निघाला, तर दोन मोठी माणसं त्यावरून तासभर भांडू शकतात. पुढची पत्र्याची, नऊ उभ्या फटींची जाळीही फोर्डचीच. विलीजची आधीची जाळी पट्ट्या जोडजोडून केलेली होती. फोर्डची स्वस्त पडली, म्हणून विलीजनेही तीच उचलली. युद्धानंतरच्या नागरी जीपला मोठे हेडलाइट आणि सात फटी आल्या, आणि त्या सातांचं पुढे कुंकवासारखं झालं, पुसायचं नाही.

'जीप' नाव आलं कुठून? 'जी' आणि 'पी' या लष्करी लघुरूपावरून ते आलं, ही गोष्ट सगळेच सांगतात. पण १९३६ पासून पॉपायच्या चित्रकथेत 'युजीन द जीप' नावाचा एक अद्भुत प्राणी होता. तो कुठेही जाऊ शकायचा. सैनिकांना हे नाव कुठून सुचलं असेल याबद्दल माझं मत पॉपायच्या बाजूने. लष्करी लघुरूपांच्या प्रेमात कोण पडतं?

बसलात? आता उठा

युद्धकाळच्या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. म्हणजे पंपावर आधी स्वतः उठायचं, मग गादी उचलायची, मग झाकण. वायपर हाताने फिरवायचे. हेडलाइट मात्र बिजागरीवर. स्क्रू सैल करून ते उलटे फिरवले की उजेड थेट इंजिनावर. अंधारात, पावसात दुरुस्ती करावी लागणार हे गाडी बनवणाऱ्यांनीच गृहीत धरलेलं. इतका प्रामाणिक कारखानदार पुन्हा झाला नाही.

आणि मागे लटकलेली स्टेपनी. हा शब्द आपण इतका घरचा करून टाकलाय की तो वेल्समधल्या लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, हे सांगितलं तर लोक हसतात. १९०४ च्या सुमाराला तिथल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर चाकावर वरून अडकवायचं जादा चाक विकायला काढलं. इंग्रज 'स्टेपनी' केव्हाच विसरले. आपल्याकडे ती नाना पेठेतल्या दुकानातही मिळते आणि टोमण्यातही.

माझगावात जुळलेली

भारतात जीप जोडायला सुरुवात झाली ती मुंबईत, माझगावला, १९४९ मध्ये. सुटे भाग अमेरिकेहून यायचे, इथे जुळायचे. जोडणारी कंपनी महिंद्रा. पण १९४५ साली ती सुरू झाली तेव्हा पाटीवर 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये इकडे नाव झालं 'महिंद्रा अँड महिंद्रा'. छापलेल्या कागदांवरचं 'एम अँड एम' वाया जाऊ नये हाही त्यात हिशेब होता, असं सांगतात. खरं असेल तर जीप विकणाऱ्या कंपनीला साजेसंच.

त्याच काळात जीपने स्वतंत्र भारताला पहिला गाजलेला घोटाळाही दिला. काश्मीरच्या लढाईसाठी १९४८ मध्ये ब्रिटनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी दोन हजार दुरुस्त केलेल्या जीपांचा सौदा केला. आल्या १५५, आणि त्याही लष्कराने नाकारल्या. जुनी गाडी न बघता घेऊ नये, हा धडा तेव्हापासून सरकारी खर्चाने उपलब्ध आहे.

आपल्या डोळ्यांत बसलेली जीप ती उंच बॉनेटची. ते बॉनेट उंच झालं ते रुबाबासाठी नव्हे. नव्या इंजिनाच्या डोक्यावर व्हॉल्व्ह आल्याने इंजिनच उंच झालं आणि जुन्या झाकणाखाली मावेना. मग विलीजने झाकण वर उचललं आणि मोकळी झाली. अमेरिकेत हे मॉडेल, सीजे-३बी, १९५३ ते १९६८ चाललं. आपल्याकडे त्याच खानदानाचा चेहरा २०१० मध्ये आलेल्या थारपर्यंत टिकला. मधल्या काळात त्या चेहऱ्यामागे काय काय बसलं! आधी पेट्रोल, मग इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन, मग प्यूजोचं. म्हणून जुने मिस्त्री गाडीकडे बघतच नाहीत, कान देतात. "इंटरनॅशनल आहे," म्हणतात, आणि पाना उचलतात.

दूरचे सोयरे

लँड रोव्हरचा जन्म जीपच्याच पोटी. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स वेल्सच्या किनाऱ्याजवळच्या आपल्या शेतावर लष्कराने मोडीत काढलेली जीप वापरायचे. ती मोडली तर घ्यायचं काय? १९४७ मध्ये त्यांनी अँगलसीच्या वाळूत नव्या गाडीचं चित्र काढलं, आणि ३० एप्रिल १९४८ रोजी ती ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात उभी होती. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर, म्हणून अंगाला ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा. रंग फिका हिरवा, कारण विमानांच्या कॉकपिटला द्यायचा रंग शिल्लक होता. त्या हिरव्या छटेसाठी आज लोक रंगाऱ्याच्या डोक्यावर बसतात.

दार्जिलिंगजवळ मानेभंज्यांगला अजूनही अशा म्हाताऱ्या लँड रोव्हर आहेत. चहामळ्यांच्या काळातल्या. ३,६३६ मीटरवरच्या संदकफूपर्यंत प्रवासी आणि सामान त्यांनी वर्षानुवर्षं वाहिलं. कित्येकींच्या पोटात आता महिंद्राचं डिझेल इंजिन आहे. माहेर आणि सासर एकाच बॉनेटखाली.

टोयोटाच्या अशा गाडीचं नाव आधी चक्क 'जीप' होतं. १९५१ मध्ये चाचणीचा ड्रायव्हर इचिरो ताइरा ती फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत घेऊन गेला. नावावर विलीजचा हक्क असल्याने १९५४ मध्ये ते बदलून 'लँड क्रूझर' ठेवलं.

सुझुकीची टंचाई लांबीची. जपानी नियमांत छोट्या मोटारीला तीन मीटरची हद्द. १९७० च्या एलजे-१० ला मागे स्टेपनी लटकवली असती तर हद्द ओलांडली असती. मग स्टेपनी घेतली आत, एका माणसाच्या जागेवर. गाडी झाली तिघांची, चौथी स्टेपनी. तिचीच पुढची नातेवाईक म्हणजे १९८५ ची आपली जिप्सी, ९७० सीसीची. स्प्रिंगचे पाटे शेवटपर्यंत सोडले नाहीत, त्यामुळे ताडोबात वाघ दिसो न दिसो, कंबरेला जंगल कळतंच.

आणि जोंगा! नाव ऐकून आफ्रिकेतली वाटते, पण 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' याची ती आद्याक्षरं. मूळ निसान पेट्रोल, म्हणजे गस्त या अर्थाचं 'पेट्रोल'. खायचीही तेच. सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटरचं इंजिन. १९६९ पासून तीसेक वर्षं ती आपल्या लष्करासाठी जबलपूरला बनली. निवृत्त जोंगा लिलावातून बाहेर येतात; एक महेंद्रसिंग धोनींकडे आहे. तिच्याबाबत ॲव्हरेज विचारणं ही असभ्यताच.

वडाप

फिलिपाइन्समध्ये अमेरिकन सैन्याने मागे टाकलेल्या जीपा लांब करून, रंगवून त्यांच्या जीपनी झाल्या. आपल्याकडे रंगाची हौस कमी, माणसांची जास्त. सातारा-कोल्हापूरकडे जीपची ही खासगी वाहतूक म्हणजे 'वडाप', मराठवाड्यात काळी-पिवळी. वडापमध्ये जागा संपत नाही. शेवटचा गडी बसला की ड्रायव्हर अर्धा बाहेर सरकतो आणि गाडी निघते. बस न येणाऱ्या वाडीवर बाळंतीण, बाजार आणि बोहल्यावरचा नवरा या जीपांनीच पोचवला. संग्राहकांच्या चकचकीत गाड्यांपेक्षा मला त्या चेपलेल्या मडगार्डाचं कौतुक जास्त.

पाळायचीच असेल तर

आधी आरसी बुक, मग गाडी. चासी नंबर स्वतः वाचा, बॅटरीच्या उजेडात. लिलावातल्या गाडीचे लष्करी कागद नसतील तर पासिंगच्या नावाने बोंब. रंगाला भुलू नका, चासी खालून ठोकून बघा. पंजाब-हरयाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली नव्या-जुन्या भागांतून हवी तशी जीप बांधून देतं, दिसते झकास. पण कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी गाडी चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावलं आहे.

फोर बाय फोरचा दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर ओढू नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात; चिखलात ती घसरून हिशेब मिटवतात, डांबरावर तो हिशेब क्राऊन-पिनियन फेडतात. आणि चिखल शोधत कास पठारावर जाऊ नका. ते फुलांचं आहे.

गाडीने पन्नाशी ओलांडली असेल तर २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते. शुल्क वीस हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात 'व्हीए' अक्षरं. अट एकच जाचक: चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं. म्हणजे ट्रॅक्टरचं काळीज बसवलेल्या बऱ्याच जीपा बाद. शिवाय अशी गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी बाहेर काढता येते. जुन्या जीपवाल्याच्या दिनक्रमात त्यामुळे फारसा फरक पडत नाही.