पुण्याचा अल्काझी, दिल्लीची शाळा

आमच्या नेसरीचं नाव महाराष्ट्राच्या तोंडी बसलं ते कवितेमुळं. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर आणि सहा स्वार इथं बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. कुसुमाग्रजांनी त्यांच्यावर कविता लिहिली. त्याच कुसुमाग्रजांनी, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांनी, शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ ‘राजमुकुट’ या नावानं मराठीत आणलं. १९५४ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघानं ते केलं, तेव्हा नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे यांच्यासारख्या मुरलेल्या नटांना दिग्दर्शक लाभला तो इंग्रज, हर्बर्ट मार्शल. मॉस्कोत आयझेनस्टाइनकडं शिकलेला, लंडनच्या युनिटी थिएटरमध्ये पॉल रोबसनला घेऊन नाटक केलेला हा माणूस पुढं अमेरिकेत प्राध्यापक झाला. आपल्या वाट्याला त्याचं नाटक आलं, त्याचं शिकवणं आलं नाही.

शिकवणं आलं ते पुण्यात जन्मलेल्या एका अरब व्यापाऱ्याच्या मुलाकडून. इब्राहिम अल्काझी, जन्म १८ ऑक्टोबर १९२५. घरी अरबी, शाळा सेंट व्हिन्सेंट, कॉलेज मुंबईचं सेंट झेवियर्स. तिथं सुलतान पदमसींच्या थिएटर ग्रुपमध्ये नट म्हणून चेहऱ्याला रंग लागला. पुढं लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये रीतसर शिक्षण झालं. फाळणीनंतर घरचे बहुतेक लोक पाकिस्तानात गेले. हा भारतात राहिला. लंडनमध्ये मानसन्मान मिळूनही मुंबईला परतला, थिएटर युनिट काढलं आणि गच्चीवर ‘मेघदूत’ नावाचं रंगमंदिर उभारून ग्रीक शोकांतिका केल्या. विजया मेहता मुंबईतच त्यांच्याकडं शिकल्या. मेहतांच्या ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेच्या मुळाशी हेही खतपाणी आहे, आणि मराठी नाट्येतिहासात ते अजून नीट मोजलेलं नाही, असं माझं मत आहे.

१९६२ मध्ये ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. नाट्य विद्यालय तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं. विद्यालयाच्या कैलास कॉलनीतल्या घराच्या मागच्या अंगणात सर आणि विद्यार्थ्यांनी मिळून खुला रंगमंच बांधला आणि त्यावर मोहन राकेशांचं ‘आषाढ का एक दिन’ केलं. पुढच्याच वर्षी फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींपुढं धर्मवीर भारतींचं ‘अंधा युग’ झालं. पंडित नेहरू ते बघायला आले होते. नंतर पुराना किल्ल्यात गिरीश कर्नाडांचं ‘तुघलक’, शीर्षकभूमिकेत मनोहर सिंह. कपडेपट अल्काझींच्या पत्नी रोशन यांचा.

पण मला या भव्यतेपेक्षा त्यांचा रोजचा धडा मोठा वाटतो. त्यांच्याकडं येणाऱ्याला अभिनयाबरोबर सुतारकाम, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा सगळं शिकावं लागे. वेळ पाळावीच लागे. मुलांना स्वच्छतेचं महत्त्व पटावं म्हणून संचालकानं स्वतः संडास साफ करून दाखवला, ही हकीकत त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांगितलेली आहे. हातात खराटा घेतलेला तो माणूस डोळ्यांसमोर आणला की शिक्षक म्हणजे काय ते कळतं. १९७७ पर्यंत पंधरा वर्षं त्यांनी हे केलं. ओम पुरी, नसीरुद्दीन शाह त्या विद्यालयातलेच. सांगलीत जन्मलेल्या उत्तरा बावकर १९६८ मध्ये तिथून बाहेर पडल्या. ‘तुघलक’मधली आई त्यांनी केली. रोहिणी आणि जयदेव हट्टंगडी तिथलेच. आणि कमलाकर सोनटक्के ती विद्या घेऊन औरंगाबादला विद्यापीठात नाटक शिकवायला आले. अशी एक ज्योत दुसरीला लागत गेली.

ती ज्योत आमच्या नेसरी-गडहिंग्लज भागात मात्र पोचलेली नाही. इथं जत्रेला नाटक बसवायची हौस जुनी आहे. पोरं दिवसभर शेतात राबतात आणि रात्री देवळाच्या पुढ्यात तालमी करतात. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. पण उभं कसं राहायचं, थांबायचं कुठं, समोरच्याचं ऐकायचं कसं, हे सांगणारं कुणी नसतं. पैसा पडदे, लाइट आणि बाहेरून बोलावलेल्या स्त्री-कलावंतांवर संपतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर, आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं तेव्हा जिल्हा हळहळला. ती हळहळ खरी होती. वास्तूसाठी आपण रडतो, मग त्या वास्तूत उभं राहणाऱ्या पोराला कुणी शिकवावं याचीही तळमळ हवी.

अल्काझीसर ४ ऑगस्ट २०२० रोजी दिल्लीत गेले. यंदा जत्रेचं नाटक बसवणाऱ्या मंडळांना माझी एकच विनंती आहे : वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढा आणि नाट्यशास्त्र शिकलेल्या एखाद्या जाणत्या माणसाला आठवडाभर गावात ठेवून घ्या. तालमीच्या पहिल्या दिवशी रंगमंच झाडायला त्याच्याबरोबर सगळ्यांनी उभं राहा, नायकानंसुद्धा.